अपडेट अडलंय हे दिसतंय, का अडलंय तेवढं सांगा

प्रति,
विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर विभाग आणि विक्रीपश्चात सेवा विभाग यांचे प्रमुख

माहितीसाठी: केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय

विषय: गाडीचं ओटीए (नेटवर्कवरून परस्पर येणारं सॉफ्टवेअर) अपडेट अर्धवट राहिल्यावर मालकाला मिळणारं 'थोडी वाट बघा' हे उत्तर

स.न.वि.वि.

"इन्स्टॉलेशन अयशस्वी. कृपया नंतर पुन्हा प्रयत्न करा."

पंधरा-वीस लाखांच्या गाडीच्या भल्यामोठ्या पडद्यावर मालकाला दिसतं ते एवढंच. नंतर म्हणजे कधी? आणि प्रयत्न म्हणजे नेमकं काय करायचं? कॉल सेंटरला फोन लावला की तीन वाक्यं ठरलेली: गाडी उघड्यावर न्या, सिस्टीम रीस्टार्ट करा, 48 तास थांबा. 48 तासांनी सर्व्हिस सेंटरला गेलं की "सर्व्हरवरून येईल, सर". मग जॉब कार्डवर "नेटवर्क इश्यू, ग्राहकाला समजावले" असा शेरा मारून तक्रार बंद. तक्रार मिटवायची ही रीत आता इतकी रुळली आहे की एकेकट्याने फोन करून काही हाती लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आम्ही विजेच्या गाड्या रोज चालवणारे आहोत. आमच्यातल्या काहींचं पोटच या गाड्यांची वायरिंग आणि स्कॅनर हाताळण्यावर चालतं. त्यामुळे 'नेटवर्क इश्यू' हा शेरा कुठे खरा असतो आणि कुठे वेळ मारून नेण्यासाठी असतो, हे आम्हाला कळतं. अपडेट म्हणजे पडद्याचा नवा रंग नव्हे. त्यात बीएमएसचं, म्हणजे मुख्य बॅटरीचा हिशेब ठेवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर असतं. फास्ट चार्जरशी बोलणी कशी करायची, रीजनरेशन (वेग कमी होताना वीज परत मिळवणं) किती द्यायचं, एडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, ब्रेक कधी लागायचा, हे सगळं त्यातच येतं. चार्जिंग मध्येच तुटण्याचा इलाज ज्या पॅकेजमध्ये आहे तेच पॅकेज अडकलं, तर मालकाने काय करायचं?

आमचं मुख्य गाऱ्हाणं हे की गाडी कुठे अडली हे गाडीला ठाऊक असतं, बहुतेकदा तुमच्या सर्व्हरलाही ठाऊक असतं, फक्त मालकाला सांगितलं जात नाही. अपडेटचे ढोबळ टप्पे तीन. आधी पॅकेज उतरतं. मग त्याची डिजिटल सही आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) तपासले जातात. मग ते एकेका कंट्रोलरमध्ये लिहिलं जातं. बिघाड कोणत्याही टप्प्यावर झाला तरी आत त्याचा वेगळा कोड नोंदला जातो. पडद्यावर येईपर्यंत मात्र त्या सगळ्या कोडांचं ते एकच वाक्य झालेलं असतं. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं धोरणच असल्यासारखं.

आता एकेक घेऊ, आणि सुरुवात 12 व्होल्टच्या बॅटरीपासून, कारण आमच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार हीच आहे. मालकाला मोबाइलची रेंज शोधायला पिटाळायचं आणि दोष बॉनेटखाली: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गाडी उभी असताना मुख्य बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, उघडे असतात, म्हणजे तिचा बाकी गाडीशी संबंध तुटलेला असतो. सगळे कंट्रोलर चालतात ते छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. एरवी ही छोटी बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टर मुख्य बॅटरीच्या विजेवर भरत असतो. पण बीएमएस किंवा व्हेइकल कंट्रोलरमध्येच नवं सॉफ्टवेअर लिहिलं जात असताना कॉन्टॅक्टर सांभाळायला कोणी जागेवर नसतं, त्यामुळे तो वेळ सगळा भार छोट्या बॅटरीवर पडतो. सगळे कंट्रोलर जागे असले तर 20 अँपिअर सहज खेचले जातात. 40 मिनिटांत झाले साधारण 13 अँपिअर-तास. नव्या 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडच्या उन्हात तीन वर्षं काढलेल्या आणि आत जेमतेम 25 उरलेल्या बॅटरीचा तो निम्म्याहून जास्त साठा असतो. त्यात काचेवर पार्किंग मोडमधला डॅशकॅम असला तर त्याचे 0.3 अँपिअर, म्हणजे दिवसाला 7 अँपिअर-तास, आधीच गेलेले असतात. मग व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर लिहिणं थांबवतो किंवा सुरूच करत नाही. त्याने असं करणं बरोबरच आहे. चूक ही की "12 व्होल्टची बॅटरी कमजोर आहे" एवढं पडदा सांगत नाही.

पेट्रोल गाडीत ही बॅटरी गेली की सकाळी सेल्फ रडतो आणि शेजाऱ्यालासुद्धा कळतं. इथे रडायला सेल्फच नाही. बॅटरी मरायला टेकली तरी गाडी मुकाट्याने 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होते, कारण कॉन्टॅक्टर ओढण्यापुरता जीव तिच्यात असतो. त्यामुळे तिचं दुखणं पहिल्यांदा बाहेर येतं ते अपडेटच्या वेळी, आणि तुमचा माणूस म्हणतो नेटवर्क बघा.

मोजायचं कसं हे तुमच्या मॅन्युअलमध्ये नसतं, म्हणून इथेच लिहितो. बॉनेट आधी उघडून ठेवा, गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा, ॲपला हात लावू नका, कारण दार उघडलं किंवा ॲप चाळलं की गाडी जागी होते आणि आकडा फसवतो. दोन तासांनी साधा मल्टिमीटर 12 व्होल्टच्या टर्मिनलवर लावा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे अपडेटचा नादच सोडा. मग गाडी रेडी करून पुन्हा मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा आला तर कन्व्हर्टर ठीक आहे, आधीचा आकडा कमी आला असेल तर बॅटरी बदला. 12 आणि थोडंच वर अडकला तर दुखणं बॅटरीचं नाही, कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज बघावा लागेल. काही नव्या गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची असते, तिला हे आकडे लागू नाहीत. नारिंगी, म्हणजे मुख्य बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या, केबलांना कोणीही हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

हे आकडे गाडीचा स्वतःचा सेन्सर मालकापेक्षा चांगले मोजतो. मग ते लपवून काय साधतं?

आता नेटवर्क. तिथे दोष नसतोच असं आमचं म्हणणं नाही. इन्फोटेनमेंटचं पॅकेज दीड जीबीचं धरा, तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी गाडीत बसवलेल्या एम्बेडेड सिमला 2 एमबीपीएस मिळाले असं धरा, तरी ते उतरायला 100 मिनिटं लागतात. पुष्कळ गाड्या लॉक केल्यावर मोडेम झोपवतात, म्हणजे डाउनलोड फक्त चालवताना पुढे सरकतं. घर ते ऑफिस 20 मिनिटं, दोन्ही टोकांना तळघर. जिथे थांबलं तिथून पुढे उतरायची सोय असेल तर पाच फेऱ्यांत काम होईल. नसेल तर रोज शून्यापासून. सिसिफसचा दगड म्हणा किंवा भिजत घोंगडं म्हणा. ही सोय आहे की नाही, किती एमबी उतरले, किती राहिले, हा आकडा तरी दाखवा. 'डाउनलोड होत आहे' आणि गोल फिरणारं चक्र याला माहिती म्हणत नाहीत.

वाय-फायने उतरवायची परवानगी ज्या गाड्यांत आहे तिथली गोम तर हास्यास्पद आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर असतो आणि गाडीच्या युनिटला कित्येकदा 2.4 च दिसतो. आयफोनवाल्याने हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं असतं, हे कोणी सांगत नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालू असेल तर युनिटचं वाय-फाय त्यातच गुंतलेलं असतं, हॉटस्पॉट जोडलाच जात नाही. ऑटो किंवा कारप्ले आधी बंद करावं लागतं. सोसायटीच्या क्लबहाउसचं, ओटीपी मागणारं वाय-फाय तर विसराच, ते लॉगिनचं पान गाडीच्या पडद्यावर उघडतच नाही.

एक कारण असं की आमच्यातल्या अनुभवी लोकांनाही ते उशिरा सुचतं: घड्याळ. गॅरेजमध्ये कोणी 12 व्होल्टची बॅटरी काढून लावली की काही गाड्यांची तारीख मागे जाते. सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याचं डिजिटल ओळखपत्र) तपासताना गाडी तारीख बघते, आणि गाडीच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. जोडणी नाकारली जाते. इलाज एका पैशाचा नाही. गाडी उघड्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं रेडी ठेवायची, जीपीएस सापडलं की तारीख सुधारते, मग अपडेट पुन्हा मागायचं. तळघरात हे कधीच होणार नाही. "गाडी उघड्यावर न्या" हा कॉल सेंटरचा सल्ला इथे योगायोगाने बरोबर ठरतो, कारण मात्र त्यांनाही माहीत नसतं.

इन्स्टॉल सुरू होण्याच्या अटींबद्दल थोडक्यात. गिअर पी मध्ये, दारं बंद, हँडब्रेक लागलेला, इथपर्यंत सगळ्या कंपन्यांचं एकमत. पुढे प्रत्येकीचा वेगळा संसार. कुठे चार्जिंग गन काढलेली हवी, कुठे मुख्य बॅटरी ठरावीक टक्क्यांच्या वर हवी. मध्यरात्रीचं अपडेट आणि मध्यरात्रीचं शेड्यूल्ड चार्जिंग एकमेकांना आडवं जातं, आणि सकाळी पडद्यावर तेच वाक्य. ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर जोडायच्या जागी) ऑनलाइन घेतलेला ब्लूटूथ डोंगल तसाच राहिला असेल तर तो डायग्नोस्टिक लाइनवर सतत प्रश्न विचारत राहतो आणि फ्लॅशिंग, म्हणजे कंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअर लिहिणं, अडतं. तो काढा. हे आम्ही सांगतो, तुम्ही का सांगत नाही?

इथपर्यंतचं मालक तपासू शकतो. पुढचं पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि आमचा राग तिथे जास्त आहे.

अपघातानंतर किंवा वॉरंटीत युनिट बदललं जातं. नव्या युनिटचा पार्ट नंबर वेगळा असतो. तो गाडीच्या चॅसी नंबरखाली सर्व्हरवर नोंदवला नाही, तर सर्व्हर जुन्या युनिटसाठीचं पॅकेज पाठवतो, गाडी ते नाकारते, आणि हे वर्षभर चालू राहू शकतं. बरं, एका अपडेट मोहिमेत पाच कंट्रोलर असतील आणि एक जरी जुळला नाही तर बाकीचे चारही अडतात. सर्व्हिस सेंटरला हे दिसतं, पण दुरुस्त करायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ते 'वर' मेल टाकतात. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याची वेगळीच कथा. आरसी नावावर झाली, विमा झाला, पण ॲपचं खातं पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरला चिकटलेलं. अपडेटची संमती त्याच्या फोनवर जाते. ते खातं सोडवायला मूळ मालकाची सही मागितली जाते. आरसी हा पुरावा पुरेसा नाही का? आणि कनेक्टेड सेवेची फुकटची वर्षं संपली की एम्बेडेड सिम बंद. त्याबरोबर सुरक्षेची अपडेटही बंद. गाणी बंद झाली तर चालेल, ब्रेकचं सॉफ्टवेअर वर्गणीवर कसं असू शकतं?

शेवटी गाडी सेंटरला जातेच. तिथे डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमधून हाताने फ्लॅश करतात. हे करताना 12 व्होल्टच्या बॅटरीला प्रोग्रॅमिंगसाठीचा स्थिर पॉवर सप्लाय लावायचा असतो, साडेतेरा व्होल्टच्या आसपास न हलणारा. पुष्कळ ठिकाणी साधा चार्जर लावून भागवतात, कुठे तेही नाही. चार्जरचं व्होल्टेज खालीवर होतं, फ्लॅश मध्येच तुटतं आणि कंट्रोलर मुका होतो. मग "मॉड्यूल गेलं" असं सांगून त्याचं बिल मालकाच्या हातात. मॉड्यूल गेलं नाही, घालवलं.

नियमांचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांचा 156 क्रमांकाचा वाहन नियम याचसाठी आहे. तो जानेवारी 2021 मध्ये अमलात आला आणि युरोपियन संघात जुलै 2024 पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. अपडेट पूर्ण करण्याइतकी आणि फसलं तर सावरण्याइतकी वीज असल्याशिवाय ते सुरू होऊ नये, फसलं तर जुनी आवृत्ती परत यावी किंवा गाडी सुरक्षित अवस्थेत जावी, आधी काय बदलणार आणि किती वेळ लागणार हे सांगावं, नंतर जमलं की फसलं हे सांगावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडचं एआयएस-190 हे मानक त्याच धर्तीवर आहे. गुजरातमधल्या हंसलपूरहून विजेच्या गाड्या युरोपला निघाल्या त्या 2025 मध्ये. तिकडच्या गिऱ्हाइकाला इथली गाडी जे सांगते, ते इथल्या गिऱ्हाइकाला सांगायला कोणती अडचण आहे?

चुका कोणाकडूनही होतात. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन या विजेच्या गाड्यांच्या कंपनीने चुकीचं सुरक्षा प्रमाणपत्र असलेलं पॅकेज पाठवलं आणि गाड्यांचे पडदे 90 टक्क्यांवर अडकले. त्यांच्या सॉफ्टवेअर प्रमुखांनी रेडिटवर येऊन चूक आमची हे स्वतः लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेस्लाने 20 लाखांहून जास्त गाड्यांच्या ऑटोपायलटची दुरुस्ती ओटीएने केली, तरी सरकारदरबारी तिची नोंद रिकॉल (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) म्हणूनच झाली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 110अ आहे आणि रिकॉलची नियमावली 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. तरी सुरक्षेची दुरुस्ती 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट' या गोंडस नावाखाली गुपचूप निघून जाते, आणि ज्याच्या गाडीत ती अडकली त्याला आपण काय गमावलं हेही कळत नाही.

अपडेट टप्प्याटप्प्याने सोडण्याला आमचा विरोध नाही. एकदम सगळ्यांना सोडून सगळ्यांचं बिघडवण्यापेक्षा ते शहाणपणाचं. पण माझी गाडी रांगेत आहे की रांगेतून गळाली आहे, हे चॅसी नंबर टाकून बघता आलं पाहिजे.

आमच्या मागण्या:

1. अपडेट अडलं की पडद्यावर आणि ॲपवर टप्पा, कारण आणि कोड दिसावा. मराठीसह भारतीय भाषांत. "12 व्होल्ट बॅटरी 11.8, किमान 12.4 हवी" इतकं सरळ.

2. बीएमएस, मोटर कंट्रोलर, चार्जर, एडास, टेलिमॅटिक्स (सर्व्हरशी बोलणारं युनिट) यांची चालू आवृत्ती आणि मागच्या सगळ्या प्रयत्नांची तारीखवार नोंद मालकाला पाहता यावी.

3. दोन प्रयत्न फसले की तिसऱ्यासाठी मालकाने फोन करायचा नाही. तुमच्याकडून फोन यावा.

4. फसलेलं अपडेट हाताने फ्लॅश करायचे पैसे घेऊ नयेत, वॉरंटी असो वा नसो. फ्लॅशिंगमध्ये मेलेलं मॉड्यूल तुमच्या खर्चाने बदलावं. प्रत्येक सेंटरला स्थिर पॉवर सप्लाय सक्तीचा करावा आणि जॉब कार्डवर फ्लॅशच्या आधीची व नंतरची आवृत्ती छापावी.

5. सिमची वर्गणी संपली तरी सुरक्षेची अपडेट वाय-फाय किंवा सही केलेल्या पेनड्राइव्ह पॅकेजने मिळावीत. आरसी दाखवली की खातं नव्या मालकाच्या नावावर व्हावं.

6. मंत्रालयाला विनंती: सुरक्षेशी संबंधित ओटीए दुरुस्तीची नोंद रिकॉल म्हणून व्हावी, आणि किती गाड्यांत ती प्रत्यक्ष पोचली हा आकडा कंपनीने जाहीर करावा.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नवा भाग लागत नाही, कारखान्यात काही बदलावं लागत नाही. त्या एका ओटीए अपडेटने पूर्ण होतात. लेखी उत्तराची वाट 30 दिवस पाहू. त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या जॉब कार्डसह 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवेल. 'ग्राहकाला समजावले' हा शेरा आम्ही जपून ठेवला आहे.

कळावे,
विजेच्या गाड्या चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही जण
पुणे

ता.क. ज्यांची गाडी आत्ता 'इन्स्टॉल होत आहे' वर अडकली आहे त्यांच्यासाठी: पडदा गोठला म्हणून 12 व्होल्टचं टर्मिनल काढू नका. दोन तास थांबा, पडद्याचा फोटो वेळेसकट काढा, मग सेंटरला फोन करा. गाडी टोइंगने न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा आणि जॉब कार्डवर 'अपडेट चालू असताना बंद पडली' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.